शिदोरी नसलेलं बी

४ फेब्रुवारी

आजपासून स्वच्छ खोलीत बुरशी वाढवायची आहे. हे वाक्य मी माझ्या हाताने लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही.

सव्वीस वर्षं मी उद्यानाच्या या प्रयोगशाळेत आहे. काम एकच. ऑर्किडचं बी काचेच्या फ्लास्कमध्ये साखरेच्या खळीवर पेरायचं आणि तिथे दुसरं काहीही उगवू द्यायचं नाही. एखाद्या फ्लास्कमध्ये पांढरा धागा दिसला की तो मोठ्या कुकरमध्ये, वीस मिनिटं वाफ, विषय संपला. लोक मला पाठीमागे फिनेल म्हणतात आणि तोंडावर फिनेलकाका. मला राग येत नाही. नाव कमवावं लागतं.

तर आज अधीक्षक साहेबांनी नवी डॉक्टरीणबाई माझ्यासमोर आणून उभी केली. माणसांची नव्हे, बुरशीची डॉक्टर. तिशीची असेल, बारीक कापलेले केस, जाड चष्मा. साहेब म्हणाले, "यांना तुमची खोली लागेल." म्हणजे चोराच्या हातात तिजोरीच्या चाव्या. मी एवढंच म्हटलं, "साहेब, चपला बाहेर काढा."

तिने आत आल्या आल्या बर्नर उचलून डावीकडे ठेवला. मग चिमट्यांच्या खणाकडे गेली. तो खण अडकतो, खालून गुडघा मारावा लागतो. तिने गुडघा मारला आणि उघडला. चलाख दिसते. "काका, तुमच्या कामात मी लुडबुड करणार नाही," म्हणाली. पहिल्याच दिवशी काका! घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला बघून दादा कोण म्हणणार आहे?"

६ फेब्रुवारी

भानगड काय आहे ते नीट लिहून ठेवतो.

आमच्याकडे पारवा नावाचं एक ऑर्किड आहे. जमिनीवर नाही, झाडाच्या फांदीवर राहतं. फुलाचा रंग पारव्याच्या मानेसारखा, म्हणून पारवा. नऊ वर्षांपूर्वी उद्यानात सात रोपं होती. आता एकच. ते पंपघरामागच्या जुन्या झाडावर आहे आणि झाड बुंध्यातून पोखरलेलं, एका अंगाला कललेलं. रोप उपटून दुसरीकडे लावायचा प्रयोग दोनदा झाला, दोन्ही रोपं महिन्याभरात गेली. या शेवटच्या रोपाला यंदा एक शेंग धरलीय. तीही माळ्याने शिडीवर चढून, काडीने परागकण लावून धरवली म्हणून. ही शेंग वाया गेली तर पारवा संपला.

माझ्या साखरेवर पारव्याचं बी कधीच जगलं नाही. तीनदा पेरलं. फुगतं, तपकिरी होतं, खलास. इतर बावीस जाती माझ्या हाताखाली वाढल्या, हीच एक नाकाने कांदे सोलते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, गव्हाच्या दाण्यात, शेंगदाण्यात आईने शिदोरी बांधून दिलेली असते. ऑर्किडच्या बीजात काही नसतं. धुळीएवढं बी, रिकाम्या हाताने घराबाहेर पडलेलं. फांदीवर त्याला योग्य बुरशी भेटली तर ती त्याच्यात शिरते आणि त्याला भरवते. नाही भेटली तर ते उपाशी मरतं."

"आणि माझी साखर?"

"तुमची साखर म्हणजे खानावळ. बाकीच्यांना चालते. याला घरचंच लागतं."

 माझी साखर नाकारणाऱ्या त्या बीजाबद्दल थोडा आदर वाटला.

११ फेब्रुवारी

पारव्याच्या मुळात ती बुरशी राहते म्हणे. तिला तिथून बाहेर काढून डिशमध्ये वाढवायची. डॉक्टरीणबाईंना साहेबांनी बैठकीला बोलावलं, म्हणून मुळं आणायचं काम माझ्याकडे आलं. माळी शिडीवर चढला, मी खालून दाखवत होतो.

काय सुंदर मुळं! काही हवेत लटकलेली, चांदीसारखी, टोकं हिरवीगार. काही मात्र सालीला चिकटून बसलेली, शेवाळाने आणि मळाने माखलेली. मी लटकणारी तीन निवडली, एकदम निर्मळ. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ब्लीचच्या पाण्यात एक मिनिट धुणे. एक मिनिट! एका मिनिटात माझ्या नखांतला मळसुद्धा निघत नाही. वीस मिनिटं ठेवली. मग काप करून डिशमध्ये मांडले. कोणी नाव ठेवू शकणार नाही असं काम झालं.

१९ फेब्रुवारी

आठ दिवस झाले. छत्तीस डिश, एकीतही डाग नाही. आरशासारख्या. मी मुद्दाम ओळीने मांडून ठेवल्या.

डॉक्टरीणबाईंनी एकेक डिश उजेडाला धरून पाहिली. मग म्हणाल्या, "काका, इतक्या स्वच्छ डिश मी जन्मात पाहिल्या नाहीत." मी अर्धा मिनिट खूश होतो.

मग त्यांनी सांगितलं. लटकणारं मूळ फक्त हवा-पाणी पितं, त्यात बुरशी नसतेच जवळजवळ. ती असते सालीला चिकटलेल्या मुळात, जिथे मळ दिसतो तिथेच. आणि तिथून घेतलं असतं तरी माझ्या वीस मिनिटांत ब्लीच आतपर्यंत मुरलं असतं आणि जे हवं तेच मेलं असतं. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. फक्त विचारलं, "त्या रोपाला मुळं किती उरली?" मी सांगितलं. "मग आणखी एकदाच कापता येईल," म्हणाल्या.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. अति तेथे माती, हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलंय.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती दह्याला विरजण लावत होती. म्हणाली, "तुमच्या हाती दिलं असतं तर हे दूधसुद्धा दूधच राहिलं असतं." हिच्यापुढे बोलायची सोय नाही.

२४ फेब्रुवारी

आजची गोष्ट सावकाश लिहितो.

परवा मीच वर चढून सालीला चिकटलेली मुळं काढली. तीन तुकडे, त्याहून जास्त नाहीत. एक मिनिट धुतली, घड्याळ लावून. साठाव्या सेकंदाला हात काढताना जीव कासावीस झाला. आज डॉक्टरीणबाईंनी एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही बघा."

मुळाच्या आत खोल्या असतात, पेशी म्हणतात त्यांना. एकेका खोलीत लोकरीचा गुंडा ठेवावा तसा बारीक धाग्याचा गोळा. एकीत नाही, दोनमध्ये नाही, खोलीमागून खोली. कोणीतरी आत बसून सव्वीस वर्षं विणकाम करत होतं आणि मला पत्ता नव्हता. काही गोळे टवटवीत, काही आक्रसून गाठोडं झालेले.

"ते आक्रसलेले?" मी विचारलं.

"ते ऑर्किडने पचवले. बुरशी आत शिरते, अन्न आणून देते, आणि ऑर्किड हळूहळू तिलाच खातं. मग ती पुन्हा शिरते."

"म्हणजे जावई आला, येताना सामान घेऊन आला, सासूने सामान ठेवून घेतलं आणि मग जावयालाच…"

डॉक्टरीणबाई एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मी विचारलं, या व्यवहारात बुरशीला काय मिळतं? त्या म्हणाल्या, "नीट कोणाला माहीत नाही. कदाचित छप्पर. मलाही जाणून घ्यायचंय." मला हे फार आवडलं. आमच्या साहेबांना आजवर एकही गोष्ट माहीत नाही असं झालेलं नाही.

दुपारभर मी सूक्ष्मदर्शक सोडला नाही. डबा तसाच परत आणला. बायको म्हणाली, "प्रेमात पडलात की काय?" थोडंफार तसंच झालंय.

३ मार्च

कापांतून धागे निघाले. तीन तुकड्यांतून तीन प्रकारचे. त्यांना अ, ब, क अशी नावं दिली. क सगळ्यात हळू आणि नाजूक, डिशच्या तळाशी दव पडल्यासारखी पसरते.

रोज सकाळी खोलीत पाऊल टाकलं की डिशमधली बुरशी दिसते आणि माझा हात आपोआप कुकरच्या झाकणाकडे जातो. आज खरंच एक डिश उचलली होती. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एका डिशसाठी एवढं? मी लगेच ठेवून दिली.

९ मार्च

झाड आणखी कललं. पंपघराच्या छपराला टेकलंय. शेंग अजून उकलली नव्हती, तरी काढली, धोका पत्करायला नको. बी मोजकंच निघालं आणि निम्म्याहून जास्त पोकळ. याचं बी राखून ठेवता येत नाही, महिन्यात मरतं. म्हणून सगळं पेरलं. ओटच्या पिठाची पातळ खळ, त्यावर बुरशी, त्यावर बी. अ, ब, क, प्रत्येकी दोन डिश. पेरलं मीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात तुमचाच हवा." पदरी पडलं पवित्र झालं.

१० एप्रिल

अ मध्ये काही नाही. ब मध्ये बी कुजलं. क मध्ये हिरवं!

टाचणीच्या डोक्याएवढे दाणे, दोन्ही डिशमध्ये, प्रत्येकाला क चे धागे बिलगलेले. मी "अगं, हे बघ!" म्हणून ओरडलो. साहेबांच्या देखत, डॉक्टरीणबाईंना, अगं! त्या धावत आल्या, पाहिलं आणि खुर्चीवर बसून रडल्या. मलाही आवरेना. साहेब म्हणाले, "झालं काय?" 

१३ एप्रिल

क कडे बघत बसायचं व्यसन लागलंय. काचेवर आतून वाफ धरते, दाणे नीट दिसत नाहीत, म्हणून आज झाकण किंचित उचलून पाहिलं. दोन्ही डिशचं. क्षणभरच. पोटात बुरशी घेऊन एवढासा जीव हिरवा होतो, हे बघून मन भरत नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक काम दिलं. साखरेवर पारवा का जगला नाही, याचा अहवाल साहेबांना हवाय. नऊ वर्षांपूर्वीची माझी वही काढायची आहे. मी म्हटलं, तुम्हीच घेऊन बघा की. म्हणाल्या, "नको, अक्षर तुमचं आहे. तुम्हीच वाचा."

१५ एप्रिल

वही वाचली.

तेव्हा तीन महिने एक मुलगी शिकाऊ म्हणून आली होती. नाव लिहिलेलं नाही, नुसतं मुलगी. "नवी मुलगी डावखुरी. बर्नर सारखा हलवते." दोन पानांनी: "पारवा, फ्लास्क ४१. बुरशी. मुलीने मुळाचा तुकडा न धुता आत टाकला होता. तिचं म्हणणं, आत हिरवं दिसतं, चार दिवस थांबा. फ्लास्क कुकरमध्ये टाकला. मुलीला सर्वांसमक्ष समज दिली." पुढच्या सोमवारी: "मुलगी येत नाही."

चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दोन वेण्या होत्या. रडली नव्हती, नुसती कुकरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. आणि खण कसा उघडायचा ते तिला मीच शिकवलं होतं.

तेव्हा सात रोपं होती. चार दिवस थांबलो असतो तर आज पारव्याला एका शेंगेवर जगायची पाळी आली नसती. हे दुसऱ्या कोणी केलेलं नाही. माझ्या अक्षरात आहे.

१७ एप्रिल

दोन दिवस डॉक्टरीणबाईंशी धड बोललो नाही. बायकोने जेवताना विचारलं, तर सगळं सांगून टाकलं. तिचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी काका म्हणाली तेव्हाच मला वाटलं होतं, ही ओळखीतली आहे. आता तिला जाऊन सांगा."

"तिला माहीतच असणार."

"असेल. तुम्हाला माहीत झालंय हे तिला कुठे माहीत आहे?"

उद्या सांगतो.

१८ एप्रिल

सांगितलं नाही.

२१ एप्रिल

सकाळी क च्या दोन्ही डिशमध्ये कडेला निळसर हिरवे डाग. ही क नव्हे. ही पावावर येते ती, सगळ्यांना माहीत असलेली, हलकट. एकदा दिसली की दोन दिवसांत डिश झाकून टाकते. आधी माळ्यावर ओरडलो, चिखलाचे बूट घालून आलास म्हणून. तो बिचारा दारातच उभा होता. मग आठवलं, झाकण मी उचललं होतं. सव्वीस वर्षांत एकदा उचललं, तेही मायेने.

डॉक्टरीणबाई आल्या, पाहिलं आणि भिंतीला टेकल्या. "संपलं," म्हणाल्या.

मी म्हटलं, "संपलं नाही. क बुरशी मी वेगळ्या काचेच्या नळ्यांत जपलीय. ताज्या डिश तयार आहेत. एकेक दाणा उचलून तिकडे नेतो."

"डागाचा एक कण जरी सोबत गेला तर…"

"जाणार नाही." आणि मग तोंडातून निघूनच गेलं. "झाकण मी उचललं होतं. आणि एकेचाळीस नंबरही मीच टाकला होता. मला कळलं. वही वाचली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बर्नर उचलून उजवीकडे, माझ्या बाजूला ठेवला. "काका, आधी काम."

साडेपाच तास लागले. पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. चिमटा ज्योतीत धरायचा, गार करायचा, एक दाणा त्याच्या धाग्यासकट उचलायचा, नव्या डिशमध्ये ठेवायचा, पुन्हा ज्योत. प्रत्येक दाण्याला ताजा तापवलेला चिमटा. डागाजवळचे दाणे सोडावे लागले, त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. ती शेजारी बसून चिमटे तापवून हातात देत होती. आयुष्यभर मी बुरशी मारायला जे शिकलो, ते सगळं आज बुरशी वाचवायला वापरलं.  शेवटी तिने हात धरून उठवलं.

त्रेसष्ट उचलले.

मग आम्ही पायरीवर बसलो. ती म्हणाली, "त्यात अकरा होते, काका. एकेचाळीसमध्ये. मी मोजले होते."

मी म्हटलं, "मला माफ कर." दुसरं काय म्हणणार?

 "मला इथे यायचं नव्हतं," म्हणाली. "पण पारवा इथेच होता. आणि असे हात दुसरीकडे नाहीत, हेही मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. म्हणून जास्त राग आला होता."

"अजून आहे?"

"थोडा आहे."

"असू दे," मी म्हटलं.

२ मे

अकरा दिवस. नव्या डिशमध्ये निळा डाग नाही. पाच दाणे वाळले, अठ्ठावन्न आहेत. मी झाकणाला हात लावत नाही, हात पाठीमागे बांधून बघतो.

९ मे

पहाटे वाऱ्याने पंपघरामागचं झाड पडलं. पारव्याचं रोप फांदीखाली चिरडलं गेलं. माळ्याने तुकडे टोपलीत भरून आणले, दारात ठेवले आणि तिथेच बसून राहिला. आता जे काही आहे ते अठ्ठावन्न दाणे, माझ्या कपाटात.

२८ मे

पहिलं पान. भाताच्या कणीपेक्षा लहान, पण पान. खालून एक मूळ फुटतंय. बायकोला मुद्दाम आणलं. चपला तिने न सांगता काढल्या. सूक्ष्मदर्शकातून बघून तिने विचारलं, "यातलं फूलझाड कुठलं आणि बुरशी कुठली?" मी दाखवायला वाकलो, पण एकाची हद्द कुठे संपते ते मलाही दाखवता येईना. एवढ्याशा जागेत दोघांनी संसार थाटलाय, आणि भांडी वेगळी नाहीत. बायको बराच वेळ डोळा लावून बसली. घरी जाताना बसमध्येही तिने दुसरा विषय काढला नाही.

३ जून

डॉक्टरीणबाई आज तीन आठवड्यांसाठी निघाल्या. डोंगरापलीकडच्या जंगलात एका लाकूडतोड्याने पारव्यासारखं काही पाहिलंय म्हणे. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न रोपं माझ्या ताब्यात देऊन गेल्या. साहेब म्हणाले, यांच्या मदतीला दुसरं कोणी देऊ का? ती म्हणाली, "गरज नाही. काका आहेत."

मी तिची पिशवी गाडीपर्यंत नेली. गाडीत बसून तिने काच खाली केली.

"काका, काही वेगळं दिसलं, तर टाकायच्या आधी मला फोन करा."

"टाकणार नाही मी."

"तरी करा."

५ जून

काल दोनदा फोन केला, आज एकदा. कारण काही नव्हतं. तिन्ही वेळा तिने एवढंच विचारलं, किती आहेत. मी आत जाऊन पुन्हा मोजले आणि सांगितलं, अठ्ठावन्न.